हरकती मागवल्या जातात तेव्हा तुम्ही कुठे असता?

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पत्रकारिता व जनसंज्ञापन विभागांतले प्राध्यापक, गाईड आणि पीएचडी करणारे संशोधक यांना,

सप्रेम नमस्कार.

एका लहान कम्युनिटी रेडिओ केंद्रावर, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेल्या रेडिओवर, मी कार्यक्रमांचं काम बघते. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, मध्ये डोंगर आडवा आला नाही तर साधारण दहा किलोमीटरचा टापू, आणि दर महिन्याला पगाराच्या तारखेला होणारी ओढाताण, एवढा आमचा संसार. तुमची आमची ओळख जुनी आहे. तुमच्याकडचं कोणी ना कोणी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन येतं. आम्ही गावं दाखवतो, बायकांना गोळा करून देतो, चहापाणी बघतो. पुढे प्रबंध होतो, व्हायवा होतो, पेढे वाटले जातात आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात अपलोड होतो. आमच्याकडे तो परत येत नाही. याबद्दल फारसा राग नाही, कारण तो आमच्यासाठी लिहिलेलाच नसतो. पण ज्यांच्यासाठी तो उपयोगी पडला असता, त्यांच्याकडेही तो जात नाही. पत्र लिहायला बसले ते यासाठी.

माध्यमांविषयीचं धोरण कसं ठरतं हे तुम्ही वर्गात शिकवता, तेव्हा नव्याने सांगायची गरज नाही. तरी एकदा आमच्या बाजूने बघा. 2022 च्या जुलैत ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणाने, कम्युनिटी रेडिओबद्दल लोकांच्या हरकती-सूचना मागवणारा सल्लामसलतीचा कागद काढला. परवानगी किती वर्षांची असावी, तासाला किती मिनिटं जाहिराती असाव्यात, असे त्यात प्रश्न होते. अशा कागदावर म्हणणं मांडायला साधारण चार आठवडे मिळतात आणि दुसऱ्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायला आणखी दोन. मार्च 2023 मध्ये शिफारशी आल्या आणि फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली: परवानगी पाचाऐवजी दहा वर्षांची, जाहिराती तासाला सातऐवजी बारा मिनिटं, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये. या तीन आकड्यांवर आमच्या केंद्रातल्या माणसांचं पोट चालतं. आता मला सांगा, खेड्यातल्या एका केंद्राला महिन्याला खर्च किती येतो, त्यात जाहिरातीतून किती भरून निघतो आणि बाकीचा कोण सोसतं, याचा नीट हिशेब मांडून ट्रायपुढे ठेवणं हे कोणाचं काम होतं? आम्ही आमचं रडगाणं सांगू शकतो. दहा जिल्ह्यांतल्या केंद्रांचे हिशेब गोळा करून, पडताळून, कोणाच्याही बाजूचं नसलेलं टिपण तुम्हीच लिहू शकता.

मोठ्या कंपन्यांकडे या कामाला पगारी माणसं असतात. कागद निघाला की आठवडाभरात त्यांचा वकील, त्यांचा अर्थतज्ज्ञ, त्यांची संघटना कामाला लागते. ट्रायच्या कुठल्याही मोठ्या विषयावर आलेली उत्तरं उघडून बघा, कंपन्या आणि त्यांच्या संघटनांची रांगच दिसेल. विद्यापीठांचे विभाग त्यात शोधावे लागतात. नियामकाने मग कोणाचे आकडे वापरायचे? जे टेबलावर आहेत तेच.

एक प्रसंग सांगते. कुठल्या विद्यापीठातून आली होती ते सांगत नाही, पण एक हुशार मुलगी आमच्या भागात सर्वेक्षणाला आली होती. ‘रेडिओमुळे माझ्या आरोग्यविषयक जाणिवेत वाढ झाली’, मग पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. पन्नाशीच्या एका बाईंनी दोन-तीन प्रश्नांना हो हो केलं आणि मग म्हणाल्या, ‘अगं पण मी आता ऐकतच नाही. पोरानं नवा मोबाइल दिलाय, त्यात रेडिओच नाही. जुना होता त्यात लागायचा.’ मुलीने नम्रपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. फॉर्मात त्याला चौकटच नव्हती! बाजूला बसलेल्या आणखी दोघींनीही तेच सांगितलं, तेही वाऱ्यावर गेलं. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना पाठवली की फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका. म्हणजे त्या बाई जे सांगत होत्या तो धोरणाचा प्रश्न होता, दिल्लीपर्यंत पोहोचलेला. नव्या फोनमुळे किती श्रोते तुटले, ते कोणत्या वयाचे, कोणत्या उत्पन्नाचे, हे कोणी मोजलं असतं तर त्या सूचनेला ‘सूचना’ यापेक्षा जास्त वजन आलं असतं, असं मला वाटतं. मुलीचा दोष नाही. तिच्या गाईडने प्रश्नावली मंजूर केली होती.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाने धोरण बदलतं हा भाबडेपणा आहे. तसं असेल तर आपल्याच मुलखातलं एक उदाहरण काढते, जे तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा दोन ओळींत आटोपतं.

1956 चा फेब्रुवारी ते एप्रिल. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. युनेस्कोच्या मदतीने ऑल इंडिया रेडिओने या गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे आणि चर्चेचा अहवाल व शंका रेडिओकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. आज ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून जे मिरवलं जातं ते तेव्हा पोस्टाच्या पाकिटावर चालायचं.

पण मला त्यातली जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती रेडिओवाल्यांनी केलेली नाही, ती मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळं असलेल्या गावांशी तुलना करायला त्यांनी रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली आणि रेडिओच नाही अशीही घेतली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते तपासलं. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली, इतर गावांत ती किरकोळ होती. म्हणजे गावात नुसता रेडिओ असून फारसं काही होत नव्हतं, फरक पडत होता तो एकत्र ऐकण्याने आणि बोलण्याने. पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ तेव्हा टाटा संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. त्यांचा आणि रेडिओचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये छापला आणि त्याच वर्षापासून ही मंडळं देशभर सुरू करण्याचं धोरण आलं. तुलनेची ती गावं घेतली नसती तर ‘खेड्यांना रेडिओ वाटा’ एवढाच धडा निघाला असता, आणि तो चुकीचा ठरला असता.

पुढे काय झालं तेही तुम्हाला ठाऊक आहे. मंडळांचे आकडे हजारोंच्या घरात गेले, पण 1956 च्या प्रयोगातली देखरेख आणि मूल्यमापन मागे पडलं आणि चळवळ हळूहळू विझली. सरकारने आकडा उचलला, पद्धत उचलली नाही.

हे आपल्याकडे पुन्हा झालं. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या 2400 गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना होता. या प्रयोगाची धुरा ज्यांच्याकडे होती ते एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. त्यात मानववंशशास्त्राचे अभ्यासक गावांत मुक्कामाला राहिले होते, नुसते फॉर्म भरून परतले नव्हते. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज इथे एका किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर गावकऱ्यांसोबत कार्यक्रम बनवले जात होते, आधी संशोधन करून, मग दाखवून, मग पुन्हा विचारून. 1984 मध्ये या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच काळात देशभर जे लहान ट्रान्समीटर धडाधड उभे राहिले ते मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम पुढे ढकलण्यासाठी. खेडा जिल्ह्याचा धडा फाइलमध्ये राहिला. संशोधन उत्तम असूनही हरतं, हे मला मान्य आहे.

हरतं तेव्हा कसं हरतं, याचं याहून कोरडं उदाहरण 2009 चं आहे. वृत्तपत्र, वाहिनी, केबल, रेडिओ हे सगळं एकाच मालकाच्या हातात जाऊ द्यावं का, या प्रश्नावर मंत्रालयानेच हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून अभ्यास करून घेतला. मालकीवर मर्यादा हव्यात, असा त्याचा सूर होता. 2014 मध्ये ट्रायनेही सविस्तर शिफारशी केल्या. 2022 मध्ये त्याच विषयावर पुन्हा सल्लामसलतीचा कागद निघाला. कायदा अजून नाही. जनतेच्या पैशाने झालेला अभ्यास टेबलावर असताना आपण तेरा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि त्यावर विद्यापीठांतून ओरड होत नाही, हे मला समजत नाही. तुमच्याच बिरादरीचं काम बाजूला ठेवलं गेलं होतं ना?

आणि जिंकतं तेव्हा? 2015 च्या डिसेंबरात ‘फ्री बेसिक्स’चा, म्हणजे निवडक वेबसाइट फुकट देण्याच्या फेसबुकच्या योजनेचा, वाद आठवा. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या होत्या, वापरणाऱ्यांकडून ट्रायला तयार मजकुराचे मेल पाठवून घेतले होते. त्या गदारोळात आयआयटी आणि आयआयएस्सीच्या पन्नासहून अधिक प्राध्यापकांनी सह्यांचं निवेदन काढून ही योजना कुठे फसवी आहे ते सोप्या भाषेत सांगितलं. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. एकट्या त्या निवेदनाने हे झालं असं मी म्हणणार नाही. कार्यकर्ते होते, लाखो लोक होते. पण कंपनीचा दावा तांत्रिक होता आणि तो खोडायला त्या विषयातली माणसं वेळेत उभी राहिली. बहुतेक सगळे अभियांत्रिकी-विज्ञानातले होते, ही गोष्ट माध्यमांच्या विभागांनी थोडी मनाला लावून घ्यावी.

कम्युनिटी रेडिओचा जन्मही असाच आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, आणि भांडण होतं क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचं! निकालातल्या त्या वाक्याचं धोरण व्हायला अकरा वर्षं लागली. मधल्या काळात बंगळूर आणि तेलंगणातलं पस्तापूर इथे बैठका झाल्या, जाहीरनामे निघाले. 2002 च्या अखेरीस फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना. या सगळ्यात हैदराबाद विद्यापीठाचे विनोद पवरला आणि कांचन मलिक यांच्यासारखे अध्यापक नुसते निरीक्षक नव्हते. ते गावातल्या गटांबरोबरही होते आणि दिल्लीच्या बैठकांमध्येही. पुढे त्याच विद्यापीठात युनेस्कोचं कम्युनिटी मीडियाचं अध्यासन आलं. आमच्या केंद्राला परवाना मिळाला तो या सगळ्यांमुळे. म्हणून विद्यापीठांकडून अपेक्षा ठेवायची सवय आम्हाला लागली आहे.

आता मुद्द्याचं काम. आम्हाला बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, काटछाट न करता लावता येतं, तेवढंच. हवामान, वीज-पाणी, परीक्षा, नोकऱ्या, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती नियमाने बातमी धरली जात नाही. म्हणजे ‘उद्या टँकर चार वाजता येईल’ हे मी सांगू शकते. ‘काल टँकर आलाच नाही, आणि ग्रामपंचायतीच्या हजेरीवहीत मात्र आल्याची नोंद आहे’ हे सांगायची वेळ आली की आमचा निवेदक माइक बंद करतो आणि गाणं लावतो. हीच माहिती त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार वेगवेगळ्या रूपांत फिरते, निम्मी खोटी. तिला परवाना लागत नाही.

ही बंदी का? कॉमन कॉज या संस्थेने 2013 मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2017 मध्ये सरकारने जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की या केंद्रांवरच्या मजकुरावर देखरेख ठेवायची यंत्रणा नाही, त्यामुळे बातम्यांना परवानगी दिली तर सुरक्षेला धोका होऊ शकतो. खाजगी एफएमना तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायला हरकत नाही, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर 2023 मध्ये केली. फेब्रुवारी 2024 च्या आमच्या नव्या तत्त्वांत मात्र बंदी तशीच आहे.

‘धोका होऊ शकतो’ हे मत नाही, तो दावा आहे, आणि दावा तपासता येतो. प्रत्येक कम्युनिटी रेडिओ केंद्राला प्रसारित केलेल्या सगळ्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रं आहेत. आपल्याकडेच म्हसवडचं माणदेशी तरंग आहे, बारामतीची वसुंधरा वाहिनी आहे. तुम्हाला आशय-विश्लेषण शिकवता येतं, नमुना निवडता येतो. केंद्रं काय बोलतात, वादाच्या विषयाला कशी हात घालतात, कुठे थांबतात, तक्रारी किती येतात, हे कोणी वर्षभर मोजलं तर पुढच्या सल्लामसलतीत ‘होऊ शकतो’ या दोन शब्दांसमोर काहीतरी ठोस ठेवता येईल. निष्कर्ष आमच्या विरुद्ध निघाला तरी चालेल. केंद्रं पक्षपाती आहेत, कोणा पुढाऱ्याच्या ताब्यात आहेत, असं दिसलं तर तेही छापा. आमच्यात तशी काही आहेत, हे आम्हालाही दिसतं.

आणि हा प्रश्न तुमच्या घरातलाही आहे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, इतरही विद्यापीठांची-महाविद्यालयांची केंद्रं आहेत. ती याच नियमाखाली येतात. बातमी कशी लिहावी, दोन बाजूंनी कशी तपासावी, हे मुलं वर्गात शिकतात आणि संस्थेच्याच रेडिओवर त्यांना ती वाचता येत नाही. याविरुद्ध एखाद्या विभागाने ठराव केल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

अडचणी माहीत आहेत. पदोन्नतीसाठीचे गुण शोधनिबंधाला मिळतात, ट्रायला पाठवलेल्या सहा पानांना मिळत नाहीत. अर्ध्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक चार कॉलेजं फिरतात, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत सरकारच्या धोरणावर बोलायला भीती वाटते, तीही खरी. पण ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांच्या हाताखाली दरवर्षी साठ विद्यार्थी लघुप्रबंध लिहितात, त्यांना विषय तरी बदलता येतो. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम: एक अभ्यास’ हा विषय आणखी किती वर्षं?

शिवाय जागा रिकामी राहत नाही. टीव्हीवर काय पाहिलं जातं याचं संशोधन तुम्ही केलं नाही, ते उद्योगाने स्वतःच्या यंत्रणेकडे दिलं. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला तेव्हा कोट्यवधी घरांचा कौल सुमारे 44,000 घरांतल्या यंत्रांवरून काढला जातो, हे लोकांना पहिल्यांदा कळलं. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च 2022 पर्यंत बंद होते. त्या दीड वर्षात बातम्यांचा दर्जा सुधारला की बिघडला? असा आयता प्रयोग समाजशास्त्राला पुन्हा मिळणार नाही.

प्रसारण सेवा विधेयकाचंही तेच. नोव्हेंबर 2023 चा मसुदा सगळ्यांसाठी होता. 2024 च्या जुलैत सुधारित मसुदा निवडक लोकांना दाखवल्याच्या बातम्या आल्या, टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये मंत्रालयाने सविस्तर चर्चेनंतर नवा मसुदा काढू असं सांगितलं. तो कधीही येईल आणि आला की मुदत आठवड्यांत मोजली जाईल. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात, हरकतींना चार आठवडे. त्यामुळे तयारी आधी लागते: कोणत्या विषयावर कोणाकडे काय माहिती आहे याची विभागा-विभागांतली यादी, प्रत्येक प्रबंधाचं दोन पानी मराठी-इंग्रजी सार, आणि कागद निघाला की बसायला तयार असलेले पाच जण.

आमच्याकडून एवढं होईल. मागच्या तीन महिन्यांचं ध्वनिमुद्रण हार्ड डिस्कवर आहे. खर्चाच्या वह्या उघड्या आहेत, श्रोत्यांच्या फोनची नोंदवही आहे. जून-जुलैत चार विद्यार्थी पाठवलेत तर राहण्या-जेवणाची सोय करू. फक्त प्रश्नावली छापण्याआधी एकदा आम्हाला दाखवा, आणि शेवटी एक रिकामी चौकट ठेवा.

आपली नम्र,
एका कम्युनिटी रेडिओ केंद्राची कार्यक्रम समन्वयक